बिल्डरचे ४० लाख: चर्चने घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कोणत्या अटींवर?

वित्तसमिती_पश्चिम

नमस्कार मंडळी. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वित्त समितीपुढचा प्रश्न आहे. नावं मुद्दाम देत नाही.

पॅरिश हॉलचं छत बदलायचं आहे, अंदाजपत्रक ६२ लाखांचं. धर्मग्रामातल्याच एका बिल्डरने ४० लाख देऊ केले आहेत. माणूस दर रविवारी मिस्साला हजर असतो. पण त्याच्या दोन प्रकल्पांतले लोक कित्येक वर्षं ताब्याची वाट बघतायत, आणि त्यातली काही कुटुंबं याच चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसतात. महारेराचं (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्य नियामकाचं) वसुली वॉरंट निघाल्याचं ऐकिवात आहे. कोर्टात गुन्हा सिद्ध झालेला नाही.

त्याने सुचवलेली पद्धत: २५ लाख चेकने, उरलेले ‘जमेल तसे’, शक्यतो पत्रे आणि लोखंड थेट साइटवर उतरवून. हॉलच्या दारावर दिवंगत वडिलांच्या नावाची पाटी हवी, आणि उद्घाटन सणाच्या दिवशी.

समितीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, पैसा देवाच्या कामी लागला की झालं. दुसऱ्यांना त्याचा एक रुपयाही नको. त्यात एका काकांनी विचारलं की सणाच्या बँडसाठी परमिट रूमवाल्याकडून दर वर्षी १५ हजार घेतो, ते कसे चालतात? तेव्हापासून सगळे गप्प आहेत. रेषा नेमकी कुठे ओढायची?

---

ताळेबंद

नीतीचं बाकीचे बोलतील. मी आधी ‘जमेल तसे’ या दोन शब्दांकडे बघतो, कारण चर्च अडकलं तर तिथेच अडकेल.

(खाली दिलेली आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, तिथे कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

रोख: कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित मिळून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तिसरा भाग लोक विसरतात. ‘रोज १ लाख ९० हजार घेऊ’ ही युक्ती तिथेच फसते, कारण छताचं काम हा एकच प्रसंग धरला जाऊ शकतो. दंड घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे १५ लाख रोख घेतले तर १५ लाख दंड चर्चला. बिल्डर मोकळा.

मग कुणीतरी सुचवतं, ‘दानपेटीत टाकू दे’. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी दानावरचा ३० टक्के कर (कलम ११५बीबीसी) लागत नाही, हे खरं. पण निनावी म्हणजे देणाऱ्याचं नाव-पत्ता ट्रस्टकडे नोंदलेला नसणं. पेटीतले १५ लाख कुणाचे हे सगळ्या समितीला ठाऊक असताना ‘पेटी जमा’ असं लिहिलं, तर ती खोटी नोंद झाली आणि खाली सह्या तुमच्या. पेटी उघडताना दोन कुलुपं, दोन वेगळ्या लोकांकडे किल्ल्या, मोजायला तिघे, नोटांच्या मूल्यवार तपशिलाच्या कागदावर तिघांच्या सह्या, आणि पुढच्या कामाच्या दिवशी जशीच्या तशी रक्कम बँकेत. एवढं नियमित केलं तर रबर लावलेली पुडकी पेटीत आली की लगेच दिसतात.

आता पत्रे-लोखंड. हे रोखीपेक्षा वाईट. माल बिल्डरच्या फर्मच्या नावावर, बिल दुसऱ्या प्रकल्पाचं, उतरतो मात्र तुमच्या अंगणात. भेट दिलेल्या मालावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून तो भेट दाखवणारच नाही, दुसऱ्या प्रकल्पात खर्ची टाकेल. म्हणजे घरांची वाट बघणाऱ्यांच्या नावावरचं लोखंड तुमच्या छतात. शिवाय उद्या छत गळलं तर कंत्राटदार म्हणणार, माल माझा नव्हता. वस्तुरूप दान घ्यायचंच नाही असा ठराव करून टाका. कोटेशन चर्च मागवेल, बिल चर्चच्या नावावर, पैसे चर्चच्या खात्यातून.

राहिला चेक. तो कोणत्या खात्यावरचा आहे ते वाचा. रेरा कायद्यात घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकाम एवढ्यावरच खर्च करावे लागतात. महारेराने २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला तीन खाती सक्तीची केली. प्रकल्पाच्या नावाच्या खात्यातून चेक आला तर चर्चा तिथेच थांबवा. कंपनीचा चेक असेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा. त्याच्या वैयक्तिक बचत खात्यातून, पॅनसकट आलेला चेक हा एकच प्रकार पुढे बोलण्याजोगा आहे.

आणखी एक, जे हमखास होतं: बिल्डर ८०जी ची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) पावती मागेल. चर्च ट्रस्ट धार्मिक असल्याने बहुतेक वेळा त्याला ८०जी नसतं. मग कुणीतरी धर्मग्रामाच्या समाजकार्य ट्रस्टची पावती फाडतं आणि पैसे छताला वळवतं. ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडे खर्च करता येत नाही. ४० लाखांच्या छतात ते संपूर्ण ट्रस्टचं ८०जी घालवाल, आणि दवाखाना, शिष्यवृत्त्या, सगळ्यांचे देणगीदार गळतील.

---

कॅनन_१२६७

‘एक रुपया नको’ म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं. कॅनन १२६७ चं (कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) दुसरं पोटकलम सांगतं की न्याय्य कारणाशिवाय दान नाकारता येत नाही, आणि रक्कम मोठी असेल तर नाकारायलाही बिशपांची परवानगी लागते. अटीसकट येणारं दान घ्यायलाही परवानगी लागते. पाटी आणि उद्घाटन ही अटच आहे. म्हणजे घ्या किंवा नाकारा, ४० लाखांचा प्रश्न बिशप हाऊसला जाणारच. वित्त समिती सल्ला देते, निर्णय तिचा नसतो. तुमच्या तटांना हे सांगितलं की अर्धी गरमी उतरेल.

आता रेषेबद्दल. संत थॉमस अक्विनास यांनी वाईट मार्गाने आलेल्या पैशातून भिक्षा द्यावी का याचं उत्तर तीन भागांत दिलं आहे. (‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाचा दुसरा विभाग, प्रश्न ३२, कलम ७.) पहिला प्रकार: पैसा मुळात दुसऱ्याचा आहे, चोरीचा किंवा लुबाडलेला. तो मालकाला परत जायला हवा, त्यातून दान होऊच शकत नाही. दुसरा: देणाऱ्यालाही ठेवता येत नाही आणि घेणाऱ्यालाही, जसा धर्मपद विकत घेताना दिलेला पैसा. तो गरिबांना जावा. तिसरा: कामच गैर, पण मोबदला फसवून घेतलेला नाही. अशा कमाईतून दान देता येतं. पुढे प्रश्न ८६ मध्ये ते एक पुस्ती जोडतात: अशी कमाई वेदीवर अर्पण म्हणून स्वीकारू नये, कारण चर्चला ते पाप मान्य आहे असं बघणाऱ्यांना वाटेल. आपल्या बायबलमधला शब्द ‘अडखळण’.

परमिट रूमवाला फार तर तिसऱ्या प्रकाराच्या कडेला येतो. तेही खरं म्हणजे नाही, कारण परवान्याने आणि प्रमाणात दारू विकणं हे पापच अशी कॅथलिक शिकवण नाही. त्याचे १५ हजार कुणाचे देणे बुडवून आलेले नाहीत. बिल्डरच्या बाबतीत प्रश्न पहिल्या प्रकाराचा आहे: या ४० लाखांवर आधीच दुसऱ्या कुणाचा हक्क आहे का? असेल, तर तो चर्चला देत असलेली रक्कम त्याची नाहीच.

बायबलमध्ये लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय या जकातदाराने काय केलं ते बघा. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. फसवलेल्यांना वगळून मंदिराला काही दिलं नाही. आणि मत्तय २७ मध्ये याजकांनी येशूला धरून देणाऱ्या यहूदाची तीस नाणी भांडारात घातली नाहीत, कुंभाराचं शेत घेऊन परक्यांसाठी स्मशान केलं. तेच याजक, ज्यांनी ती नाणी मोजून दिली होती! नियम पाळायचा आणि पाप करायचं, दोन्ही एका हाताने जमतं. समित्यांनी हा अध्याय अधूनमधून वाचावा.

माणूस आणि पैसा मात्र वेगळे ठेवा. वडिलांसाठी मिस्सा हवी असेल तर ती द्या, एक पैसा न घेता द्या. कॅनन ९४५ गरजूंसाठी दक्षिणेविना मिस्सा करायची शिफारस करतोच. हा माणूस पैशाने गरीब नसेल, पण त्याला सांगता येईल की वडिलांची आठवण राखायला पाटी लागत नाही.

---

माहीमचा_फाटा

वाचायला छान. पण मुंबईत स्वच्छ पैशाने उभं राहिलेलं आहे काय? वांद्र्याच्या मोतमाउलीला लोक ज्या माहीम कॉजवेवरून जातात तो १८४५ मध्ये लेडी जमशेटजींच्या पैशाने झाला, आणि त्यांचे पती सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली, कापूस आणि अफू. जे. जे. रुग्णालय त्याच घराण्याच्या देणगीतलं. कुणी गाडी वळवून परत जातं का? १८० वर्षांनी बिल्डरच्या छताखाली लग्नं लागतील आणि कुणाला काही आठवणार नाही.

---

कॅनन_१२६७

आठवतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ या १७०४ च्या निधीने गुलामांच्या व्यापारात असलेल्या साउथ सी कंपनीत पैसे गुंतवले होते. जानेवारी २०२३ मध्ये चर्च कमिशनर्सनी ते जाहीरपणे मान्य केलं आणि १० कोटी पौंडांचा निधी घोषित केला. तीनशे वर्षांनी बिल आलं.

आणि कॉजवेशी तुलना इथे बसत नाही. अफूने उद्ध्वस्त झालेले लोक दूर चीनमध्ये, नावं-पत्ते नसलेले. इथे येणेकऱ्यांची यादी महारेराच्या आदेशात फ्लॅट क्रमांकासकट असू शकते. ज्याला परत देता येतं त्याला आधी द्यायचं.

---

भायखळा_मंडळी

आम्ही प्रोटेस्टंट बाजूचे, कॅनन वगैरे आमच्याकडे नाही, पास्टोरेट कमिटी काय ते ठरवते. पण या वादाचा सर्वांत गाजलेला खटका आमच्याच मिशनच्या घरात उडाला होता, म्हणून लिहितो.

१८१३ मध्ये मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारी संस्था म्हणजे बॉस्टनचं अमेरिकन बोर्ड. १९०५ मध्ये या बोर्डाला जॉन डी. रॉकफेलरकडून १ लाख डॉलर मिळाले. स्टँडर्ड ऑइलने रेल्वेकडून गुप्त सवलती घेऊन छोटे तेलवाले बुडवल्याची प्रकरणं तेव्हा ताजी होती. वॉशिंग्टन ग्लॅडन नावाच्या पाळकांनी जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की देणगी घेतली की तोंड बंद होतं: ज्या पद्धतीवर चर्चने बोलायला हवं, तिच्यावर ते पुन्हा बोलू शकत नाही.

मग बाहेर आलं की देणगी आपणहून आलेली नव्हती. बोर्डाच्याच लोकांनी जाऊन मागितली होती. सगळा वाद तिथे फिरला. मागून आणायचं आणि आल्यावर नाक मुरडायचं, हे ग्लॅडनच्या बाजूच्यांनाही अवघड गेलं. पैसे बोर्डाने ठेवले. ग्लॅडन यांचा आग्रह नंतर ‘अशा लोकांकडे मागू नका’ इथवर आला.

म्हणून वित्तसमितीवाल्यांना साधा प्रश्न: बिल्डरकडे अंदाजपत्रक घेऊन आधी कोण गेलं होतं? तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर नकाराचं पत्र वेगळं लिहावं लागेल, आणि थोडं नम्रपणे.

दुसरं, पाटी. मेक्सिकोत पाचूका शहरात एका चॅपेलवर देणगीदार म्हणून ‘झेटास’ या अमली पदार्थांच्या टोळीच्या म्होरक्याचं, एरिबेर्तो लास्कानोचं, नाव धातूच्या पाटीवर होतं. २०१० मध्ये बातमी झाली तेव्हा सगळी चर्चा त्या पाटीची झाली, पैसा किती होता हे कुणी विचारलंही नाही. पैसे खर्च होऊन विसरले जातात, पाटीचा फोटो राहतो. आणि एकदा लावलेली पाटी काढणं हा न लावण्यापेक्षा मोठा तमाशा असतो. पाटीचा नियम देणगी यायच्या आधीचा हवा: व्यक्तींची नावं नाहीत, ‘भाविकांच्या सहकार्याने’ आणि वर्ष. मग कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

---

ताळेबंद

पाटीवर कराचा एक बारकावा. नुसतं कृतज्ञतेचं नाव असेल, धंद्याची जाहिरात नसेल, तर जीएसटी लागत नाही. ११ ऑक्टोबर २०१९ च्या ११६/३५/२०१९ क्रमांकाच्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. पण ‘अमुक डेव्हलपर्स’, लोगो, फोन नंबर आला की ती जाहिरात, आणि मिळालेली रक्कम दान राहत नाही.

हाच नियम परमिट रूमवाल्याला लावा. त्याचे १५ हजार त्याच्या नावाने, चेकने किंवा यूपीआयने, पावती फाडून घ्या. बँडच्या स्टेजमागे बारचं नाव नको. दारूच्या जाहिरातीला राज्याच्या दारूबंदी कायद्यात मनाई आहे. जास्त खोलात जायचं तर त्याचा एफएल-३ (परमिट रूमचा) परवाना चालू आहे का एवढं बघा आणि विषय सोडून द्या.

---

फोर्टातला_वकील

वर सगळ्यांनी ‘घ्यावं का’ यावर लिहिलं. मला ‘घेतल्यावर परत ओढलं जाऊ शकतं का’ यावर लिहायचं आहे. उत्तर हो, आणि चर्चला याची कल्पना क्वचित असते.

दान म्हणजे मोबदल्याशिवाय झालेलं हस्तांतर. विकत घेणारा म्हणू शकतो, मी किंमत मोजली. दान घेणारा तसं म्हणू शकत नाही. म्हणून देणाऱ्याचं दिवाळं वाजलं की येणेकरी पहिल्यांदा दानांकडे वळतात. देणारी कंपनी असेल तर दिवाळखोरी संहिता २०१६, कलम ४५ आणि ४६: प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या एका वर्षात दिलेली भेट रद्द होऊ शकते, संबंधित पक्षाला दिली असेल तर दोन वर्षांतली. माणूस व्यक्तिशः दिवाळखोर ठरला तर मुंबईत अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा आडवा येतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे आधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर टिकत नाही.

त्याने फ्लॅटबरोबर ‘गुंतवा आणि ठरावीक परतावा घ्या’ अशी योजना चालवली असेल तर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा. त्याच्या कलम ८ खाली जप्त मालमत्ता पुरी पडत नसेल तर न्यायालय ज्यांच्याकडे पैसा गेला त्यांना नोटीस काढतं, आणि तेवढ्या किमतीची त्यांची मालमत्ता जप्त करू शकतं. नुसत्या घरासाठी दिलेला पैसा ‘ठेव’ ठरतो का यावर कोर्टात वाद होतात, त्यावर विसंबू नका. मनी लाँडरिंगचा गुन्हा असेल तर ईडी १८० दिवसांची तात्पुरती जप्ती आणते, मग पैसा कुणाच्याही हातात असो. छतात गेलेले ४० लाख परत कुठून देणार? चर्चच्या मुदत ठेवीतून.

तपासायचं काय: महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तकाच्या नावाने प्रकल्प, तक्रारी, आदेश आणि वॉरंट. ‘ऐकिवात आहे’ असं समितीत बोलायचं कारणच नाही, अर्ध्या तासात कळतं. मग ई-कोर्ट्सवर नाव, एनसीएलटीच्या (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठात कंपनी, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीवरचे बोजे. छापील प्रत, तारीख टाकून, फाइलला. उद्या कुणी विचारलं तर ‘आम्ही त्या दिवशी हे बघितलं होतं’ हा एकच बचाव असतो.

मुंबईत आणखी एक शंका नेहमी घ्यावी. या बिल्डरला धर्मग्रामाच्या जमिनीत रस आहे का? शेजारचा प्लॉट, टीडीआर (बांधकामाचे हस्तांतरणीय हक्क), रस्त्यासाठी वाट, काहीही. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, किंवा ठरावीक मुदतीपलीकडे भाड्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ खाली परवानगी लागते. तिथे कुणी हरकत घेतली की आधी घेतलेले ४० लाख पहिल्या पानावर येतात. लेखी लिहून घ्या की देणगीदार आणि त्याच्या फर्म चर्चच्या कोणत्याही विकास प्रस्तावात भाग घेणार नाहीत. सही करायला कचरला तर तुमचं उत्तर मिळालं.

---

मालाडची_ताई

नगरसेवकांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून दिले तर कुणी इतकं तपासत नाही, ही माझी तक्रार. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा चर्चच्या आवारात राजकीय प्रचाराला मनाई करतो, तरी ब्लॉकवर भूमिपूजनाचा फलक पक्षाच्या रंगात उभा राहतो. वरच्या सगळ्या चाळण्या तिथेही लावा.

आणि समितीला एक विचारते: मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या कुटुंबांना कुणी काही विचारलंय का?

---

वित्तसमिती_पश्चिम

सर्वांचे आभार. ताई, विचारलेलं नाही. महारेराच्या साइटवर दोन आदेश सापडले, एकात व्याजासह परतावा द्यायला सांगितलाय.

भायखळावाल्यांना: हो, अंदाजपत्रक घेऊन आमचेच दोन सदस्य गेले होते.

आता नवी अडचण. काल पॅरिशच्या खात्यात त्याच्याकडून ५ लाख एनईएफटीने आले, टिपणी ‘छत’. पावती दिलेली नाही. परत करायचे तर कसे?

---

फोर्टातला_वकील

पावती दिली नाहीत हे फार बरं केलंत. पावती फाडून रक्कम दान म्हणून नोंदली की ती ट्रस्टची मालमत्ता होते, आणि ट्रस्टची मालमत्ता ‘नको वाटते’ म्हणून विश्वस्तांना वाटता येत नाही. मग परत करायला धर्मादाय आयुक्तांपर्यंत जायची वेळ येऊ शकते. सध्या ती न स्वीकारलेली रक्कम आहे.

आजच ईमेल करा, दोन ओळींचा: ‘दिनांक अमुक रोजी आपल्याकडून ५ लाख रुपये खात्यात जमा झाले आहेत. ही रक्कम दान म्हणून स्वीकारलेली नसून निर्णय होईपर्यंत वेगळी ठेवली आहे.’ प्रत बिशप हाऊसच्या वित्त कार्यालयाला. त्यांची परवानगी आली की समितीचा ठराव, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेवढीच रक्कम परत. तो म्हणाला ‘भावाच्या खात्यात टाका’ किंवा ‘तीन लाख परत द्या, दोन रोख द्या’, तर ठाम नाही. दान देऊन परतावा तिसऱ्याच खात्यात मागणं ही काळा पैसा फिरवायची नेहमीची चाल आहे, आणि बँकेच्या नोंदीत मधला दुवा तुमचं चर्च दिसेल.

पत्रात आरोप करू नका. ‘आपल्या पैशाबद्दल शंका आहे’ असं लिहिलंत तर बदनामीची नोटीस येईल, ‘सध्या गरज नाही’ लिहिलंत तर खोटं. एवढं पुरे: ‘आमच्या सदस्यांनी आपल्याकडे विनंती केली होती याची जाणीव आहे. महारेराच्या आदेशांप्रमाणे देय असलेल्या रकमांची पूर्तता झाल्यावर आपण पुन्हा प्रस्ताव दिल्यास समिती त्याचा विचार करील.’ आदेश सार्वजनिक आहेत, त्यामुळे हे विधान टिकतं. दारही उघडं राहतं.

---

कॅनन_१२६७

हे पत्र देण्याआधी फादरनी त्याला घरी जाऊन भेटावं. आधी कागद गेला तर तो माणूस दुसऱ्या चर्चला जाईल, तिथे ४० लाख हसत घेतील, आणि ती कुटुंबं तिथेच राहतील जिथे होती. पोप फ्रान्सिस २ मार्च २०१६ च्या आपल्या बुधवारच्या प्रवचनात कामगारांना पिळून आणलेल्या देणगीबद्दल बोलले होते: असा चेक परत न्या आणि जाळून टाका, या अर्थाचं. इथे जाळायचीही गरज नाही, तो चेक कुणाच्या नावे फाडायचा ते महारेराच्या आदेशात लिहिलेलं आहे. फादरनी एवढंच सांगावं.

---

ताळेबंद

हिशोबाचं उरलेलं. ५ लाख ‘देणगी’त टाकू नका, ‘अनामत, निर्णय प्रलंबित’ असं वेगळं खातं उघडून देणे बाजूला दाखवा. ३१ मार्चच्या आत निकाल लावा. ताळेबंदात ती ओळ राहिली तर लेखापरीक्षक विचारेल, आणि त्याचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून छतासाठी वेगळं बँक खाते काढा, आणि त्याचा क्रमांक फक्त मंजुरी मिळालेल्या देणगीदाराला द्या. दारावर लावलेला क्यूआर कोड रविवारच्या अर्पणापुरता ठेवा. एनईएफटी कुणी पाठवली तर अडवता येत नाही, पण ती कुठे येऊन पडते ते ठरवता येतं.

मर्यादा लिहून काढा, अशा काहीशा: १० हजारांपर्यंत नुसती पावती. १ लाखापर्यंत नाव, पत्ता, पॅन. ५ लाखांपर्यंत समितीत ठराव आणि वरची तपासणी. त्यापुढे बिशप हाऊस. परदेशातून येणारं वेगळं: आखातातला भारतीय पासपोर्टवाला आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ते विदेशी योगदान धरलं जात नाही, पण कॅनडाचा नागरिक झालेला आपलाच माणूस ओसीआय कार्डावर पाठवतो ते धरलं जातं. एफसीआरए (विदेशी योगदान कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं नसेल तर ते घेताच येत नाही, पैसा कितीही शुद्ध असो.

६२ लाखांचं अंदाजपत्रक मात्र पुन्हा तपासून घ्या. बिल्डरच्या माणसाने सुचवलेल्या कंत्राटदाराचं असेल तर दुसरी दोन कोटेशन मागवा.

---

वित्तसमिती_पश्चिम

त्याच्याच माणसाचं आहे. उद्या दुसरी मागवतो.